माल आपला, वाट परक्याची

१८५६ साली कलकत्त्याच्या विधान परिषदेने अवघ्या तीन कलमांचा एक कायदा संमत केला. ‘इंडियन बिल्स ऑफ लेडिंग अ‍ॅक्ट’ हे त्याचे नाव. देशावर तेव्हा कंपनी सरकारचा अंमल होता, सत्तावनचा उठाव व्हायचा होता आणि सुएझ कालव्याच्या खोदकामालाही प्रारंभ झालेला नव्हता. मुंबईहून किंवा कलकत्त्याहून निघालेले मालाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरूनच विलायतेला जात असे. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बड्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजे पुन्हा त्याच केपच्या वाटेने वळवली, तेव्हा भारतीय निर्यातदाराच्या हातातील माल-पावतीला लागू असलेला कायदाही तोच, १८५६ चा होता. वाट आणि कागद दोन्ही दीडशे वर्षे मागे गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः मागे गेली ती केवळ वाट. कागद मुळात पुढे आलेलाच नव्हता. ज्या ब्रिटिश कायद्याबरहुकूम तो बेतला होता, तो खुद्द ब्रिटनने १९९२ मध्ये मोडीत काढला. आपण त्यानंतर आणखी ३३ वर्षे थांबलो.

२०२५ साली संसदेने हा कायदा रद्द करून नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा केला. त्याच वर्षी सागरी माल वाहतुकीचा १९२५ चा कायदाही बदलला. व्यापारी नौवहन, किनारी वाहतूक आणि बंदरे यांविषयीचे नवे कायदेही आले. वृत्तपत्रांतून या घटनेला जेमतेम कोपऱ्यातली जागा मिळाली. ते स्वाभाविकही म्हणता येईल. राष्ट्रीय चर्चेचे लक्ष बंदरांवर, महामार्गिकांवर आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ६९,७२५ कोटी रुपयांच्या जहाजबांधणी योजनेवर असते. काँक्रीट दिसते, क्रेन दिसतात. कागद दिसत नाही. परंतु निर्यातीच्या मालाने कोणत्या वाटेने जावे आणि त्याच्यासोबत कोणता कागद जावा, हे दोन प्रश्न निराळे नाहीत, आणि या दोन्ही बाबतींत भारतातील लहान निर्यातदाराचा शब्द जवळजवळ चालत नाही, याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

वाट आणि कागद यांचे हे नाते फार जुने आहे. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एक पपायरस जतन केलेला आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराच्या व्यापारासाठी दिलेल्या कर्जाचा करार त्याच्या एका बाजूस आहे; दुसऱ्या बाजूस ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातून आलेल्या मालाचा हिशेब आहे, त्यात गंगेच्या खोऱ्यातील जटामांसी आहे, हस्तिदंत आहे. करारात वाट ठरवून दिलेली आहे: तांबड्या समुद्राच्या बंदरापासून उंटांवरून वाळवंट ओलांडून कॉप्टोसपर्यंत, तेथून नाईल नदीतून अलेक्झांड्रियापर्यंत. वाटेत माल ठेवायचा तो सावकाराच्या शिक्क्याखाली. पोहोचल्यावर चतुर्थांश जकात. वाटेचा तपशील, मालावरील ताबा, कर्जाची हमी आणि सरकारचे देणे या चारही गोष्टी एकाच कागदावर आहेत. आज एखाद्या निर्यातदाराच्या फायलीत जे कागद असतात त्यांचा गाभा याहून फारसा वेगळा नाही.

आपल्याकडील सराफी परंपरेतही याला जोड सापडते. जोखमी हुंडी हा हुंडीचा एक प्रकार होता. जहाजावर चढवलेल्या मालाच्या आधारे ती काढली जाई आणि माल सुखरूप बंदरी लागला तरच तिचे पैसे देय होत. कर्ज आणि विमा असे दुहेरी काम ती एक चिठ्ठी करी. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांना वाट, जोखीम आणि कागद यांची सांगड चांगली ठाऊक होती. पुढे पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सक्तीचे केले, तेव्हा ज्याच्या हाती कागद त्याचीच वाट, हेही ते शिकले. अकबराच्या घराण्यातील स्त्रियांनादेखील हज यात्रेसाठी त्या परवान्याची वाट पाहत सुरतेत थांबावे लागले होते.

बिल ऑफ लेडिंग हा कागद तीन कामे करतो. माल जहाजावर चढल्याची ती पावती असते, वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा असतो आणि मालावरील हक्काचा तो दस्तऐवज असतो. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. मूळ प्रत ज्याच्या हाती, त्यालाच परदेशी बंदरात माल मिळतो. म्हणूनच बँक त्या कागदावर पैसे देते, म्हणूनच निर्यातदार खरेदीदाराकडून पैसे मिळेपर्यंत तो कागद सोडत नाही. निदान सिद्धान्त असा आहे.

व्यवहार पाहायचा तर मुरादाबादकडे पाहावे. पितळेच्या नक्षीकामाचे हे शहर समुद्रापासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील छोटा कारखानदार अमेरिकेतील वा युरोपातील दुकानसाखळीला माल विकतो, तो बहुधा ‘फ्री ऑन बोर्ड’, म्हणजे एफओबी या अटीवर. माल भारतीय बंदरात जहाजावर चढवून दिला की त्याचे काम संपले; पुढचे भाडे, पुढचा विमा खरेदीदाराचा. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण जो भाडे भरतो तोच जहाज निवडतो, तोच वाट निवडतो आणि तोच फ्रेट फॉरवर्डर नेमतो. मुरादाबादच्या कारखानदाराला सांगितले जाते की माल अमुक कंपनीच्या हवाली करा. ती कंपनी त्याला स्वतःची, म्हणजे ‘हाउस’ पावती देते. जहाज कंपनीची मूळ ‘मास्टर’ पावती तिच्याच हाती राहते. खरेदीदार आणि फॉरवर्डर यांचे संगनमत झाले, किंवा नुसता गलथानपणा झाला, तर मूळ कागद दाखवल्याविना परदेशात माल सुटतो. मग येथला माणूस दाद मागायला जातो तेव्हा स्थानिक कार्यालय सांगते की आम्ही केवळ एजंट, खरी कंपनी परदेशात आहे. बहुविध वाहतुकीसंबंधीचा १९९३ चा कायदा आपल्याकडे आहे, त्याखाली नोंदणीही आहे. तरी या प्रकारच्या तक्रारी निर्यातदारांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतात.

याहून विचित्र बाब अशी, की कंटेनरच्या मालासाठी एफओबी ही अटच मुळात गैरलागू आहे. विक्रीच्या या अटी, म्हणजे इन्कोटर्म्स, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्या. २०२० च्या आवृत्तीतही मंडळाचे मार्गदर्शन स्पष्ट आहे: कंटेनरसाठी एफओबी नव्हे, तर ‘एफसीए’, म्हणजे वाहतूकदाराच्या हवाली करेपर्यंत, ही अट वापरावी. कारण उघड आहे. मुरादाबादच्या अंतर्देशीय डेपोत कंटेनर ताब्यात दिल्यानंतर तो रेल्वेने गुजरातच्या किंवा महाराष्ट्राच्या बंदराकडे जातो, तेथे यार्डात पडून राहतो, मग जहाजावर चढतो. एफओबीनुसार जहाजावर चढेपर्यंतची सारी जोखीम विक्रेत्याची, आणि त्या काळात माल मात्र त्याच्या ताब्यात नसतो. म्हणजे जोखीम आपली, ताबा दुसऱ्याचा. एफसीएमध्ये ही जोखीम डेपोच्या दारातच संपते. शिवाय २०२० च्या नियमांत विक्रेत्याला जहाजावर माल चढल्याची नोंद असलेली पावती मिळण्याची सोयही आहे. तीन अक्षरांचा फरक आहे आणि त्यासाठी सरकारला एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. तरीही जुनी सवय सुटत नाही. आपल्या निर्यातीची सरकारी आकडेवारीही एफओबी मूल्यावरच मोजली जात असल्यामुळे तोच शब्द सर्वांच्या तोंडी बसलेला आहे.

निर्यातदाराला दोष देणे येथे योग्य होणार नाही. भाड्याचा सौदा त्याने स्वतः करावा असे म्हणणे सोपे आहे. महिन्याला दोन कंटेनर पाठवणाऱ्याला जहाज कंपनी कोणता दर देणार? जगातील कंटेनर वाहतूक मूठभर कंपन्यांच्या हाती एकवटलेली आहे. २०२१ मध्ये भाडी भडकली तेव्हा भाड्यासह विक्री करणाऱ्यांचे कंबरडे मोडले आणि एफओबीवाले तुलनेने वाचले, हेही खरे. परदेशी दुकानसाखळी हजारो कंटेनरांचे वार्षिक करार करते, तिला मिळणारा दर मुरादाबादला कधीच मिळणार नाही. म्हणून वाट निवडण्याचा अधिकार परत मिळवायचा तर तो एकेकट्याने मिळणार नाही. मुरादाबाद, भदोही, कर्नाल, तिरुपूर अशा एकेका व्यवसायाच्या केंद्राने आपले कंटेनर एकत्र मोजून वर्षाचा करार करावा, हा मार्ग आहे. निर्यात प्रोत्साहन परिषदांनी प्रदर्शनांच्या तंबूंवर जेवढी शक्ती खर्च केली, त्यातील थोडी इकडे वळवली असती तर चित्र निराळे दिसते. ज्यांना तेवढे शक्य नाही, त्यांनी किमान एफसीए आणि स्वतःच्या नावाची मूळ पावती यांचा आग्रह धरावा.

आता सरकारी कागदांविषयी. या आघाडीवर गेल्या दशकात झालेले काम मोठे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. मार्च २०१५ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने निर्यातीसाठी अनिवार्य कागद तीनवर आणले: बिल ऑफ लेडिंग किंवा हवाई पावती, बीजक व पॅकिंग यादी, आणि शिपिंग बिल. २०१६ मध्ये सीमाशुल्क विभागाची एक खिडकी योजना आली, २०१७ मध्ये कारखान्यातच इलेक्ट्रॉनिक मोहोर लावण्याची सोय आली. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार फेब्रुवारी २०१७ मध्ये अमलात आला, त्यात आपण सहभागी आहोत. माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळात शिपिंग बिलाच्या प्रतींचे गठ्ठे टेबलांवर रचलेले असत, ते दृश्य आजच्या तरुण अधिकाऱ्यांना सांगूनही पटणार नाही.

मात्र कागद तीनच राहिले तरी ते एकमेकांशी जुळावे लागतात, आणि वाट जितकी लांब व अनेक टप्प्यांची, तितके ते न जुळण्याचे प्रसंग अधिक. वस्तू व सेवा कर आल्यानंतरची पहिली दोन वर्षे याचा नमुना आहेत. निर्यातीवर भरलेल्या एकात्मिक कराचा परतावा मिळण्यासाठी शिपिंग बिल हाच अर्ज मानला गेला. कल्पना उत्तम. पण विवरणपत्रातील बीजक क्रमांक आणि शिपिंग बिलातील क्रमांक यांत एखादी रेघ जरी कमीजास्त असली तरी संगणक ‘एसबी-००५’ ही त्रुटी दाखवून परतावा अडवीत असे. मुरादाबाद किंवा लुधियानासारख्या अंतर्देशीय डेपोतून निघालेल्या मालापुढे आणखी एक अडचण होती. निर्यातीची परवानगी डेपोत मिळे, पण जहाज सुटल्याची नोंद, म्हणजे निर्यात मालसूची, जहाज कंपनी बंदरात दाखल करी. डेपोची नोंद आणि बंदराची नोंद जुळली नाही तर माल हॅम्बर्गला पोहोचलेला असूनही सरकारी दप्तरी तो निघालेलाच नसे. मार्च २०१८ मध्ये सीमाशुल्क मंडळाला विशेष ‘परतावा पंधरवडा’ पाळावा लागला. बंदराशेजारच्या निर्यातदारापुढे ही दुसरी अडचण नव्हती. देशाच्या पोटातून निघणाऱ्या मालाला कागदाचा भारही अधिक पडतो, हे त्यातून दिसले. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर दोन मजली कंटेनरच्या गाड्या धावू लागल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे; त्या गाडीइतक्याच वेगाने तिच्यातील कंटेनरची नोंद धावावी, एवढीच अपेक्षा.

बँकांकडील कागद हे तिसरे दालन. पतपत्रावरील व्यवहार आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीने चालतात. ती जुलै २००७ पासून लागू आहे. तिचे मूळ तत्त्व असे, की बँक कागदांशी व्यवहार करते, मालाशी नाही. माल उत्तम, वेळेवर पोहोचलेला, आणि पावतीवर खरेदीदाराच्या नावात एक अक्षर चुकलेले, तर बँक पैसे रोखू शकते. माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करायचे. बँकेला तपासणीसाठी पाच कामाचे दिवस. हे सारे आकडे जहाजाच्या गतीशी जुळवून ठरलेले आहेत, आणि जहाजाची वाट बदलली की जुळणी बिघडते.

ती दोन्ही बाजूंनी बिघडते. संयुक्त अरब अमिरातींसारख्या आपल्या मोठ्या बाजारपेठेत मुंद्र्याहून निघालेले जहाज तीन-चार दिवसांत जेबेल अलीला लागते. कागद मात्र निर्यातदाराकडून बँकेत, बँकेतून कुरियरने परदेशी बँकेत आणि तेथून खरेदीदाराकडे जाईपर्यंत त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. बंदरात कंटेनरचे दंड वाढू लागतात, खरेदीदार तगादा लावतो, आणि निर्यातदार मूळ पावती येथेच जहाज कंपनीला परत करून ‘टेलेक्स रिलीज’ देतो. टेलेक्स यंत्रे केव्हाच भंगारात गेली, नाव तेवढे उरले. या एका कृतीने निर्यातदार मालावरील हक्क सोडतो. पैसे मिळाले नाहीत तर त्याच्या हाती काहीच राहत नाही. उलट केपच्या वाटेने युरोपला जाणाऱ्या मालाचे पाहा. पैसे पावतीच्या तारखेपासून ६० किंवा ९० दिवसांनी द्यायचे, असा करार असतो. प्रवासच दोन आठवड्यांनी लांबला तर खरेदीदार म्हणतो, माल विकायला मला दिवस उरले नाहीत, मुदत वाढवा. इकडे कच्च्या मालाचे पैसे दिलेले, कारागिरांची मजुरी दिलेली, बँकेचे व्याज चालू. आणि परकीय चलन ठरलेल्या मुदतीत आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत ते शिपिंग बिल उघडे दिसत राहते ते निराळेच.

यावर उपाय उपलब्ध आहे. बिल ऑफ लेडिंग इलेक्ट्रॉनिक स्वरूपात काढले, त्याला कागदाइतकाच कायदेशीर दर्जा असला, तर हक्काचे हस्तांतर काही मिनिटांत होते. जहाज जलद असो वा संथ, कागद त्याच्या मागे पडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने यासाठी २०१७ मध्ये आदर्श कायदा तयार केला. सिंगापूरने २०२१ मध्ये आपला कायदा त्यानुसार सुधारला. ब्रिटनने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापार दस्तऐवजांचा कायदा केला, आणि जगातील सागरी व्यवहारांचा मोठा भाग इंग्रजी कायद्याखाली चालत असल्याने त्याचे वजन विशेष आहे. प्रमुख कंटेनर कंपन्यांनी २०३० पर्यंत सर्व पावत्या इलेक्ट्रॉनिक करण्याचे जाहीर केले आहे. आपल्या २०२५ च्या कायद्याने भाषा सुटसुटीत केली, वसाहतकालीन शीर्षक काढले. परंतु इलेक्ट्रॉनिक पावतीचा स्पष्ट उल्लेख त्यात नाही. ज्या देशात भाजीवाला मोबाइलवर पैसे घेतो, त्या देशाने हा शब्द कायद्यात घालायला का कचरावे, हे मला उमगत नाही.

वाटेच्या बाबतीत भारताची अडचण इतर आशियाई देशांहून तीव्र आहे, हे चर्चेत सहसा येत नाही. मुंबई ते लंडन हे अंतर सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल आणि केपमार्गे सुमारे १०,७०० सागरी मैल भरते. चीनहून युरोपला जाणारे जहाज मुळातच दूरवरून येते, त्याच्या एकूण प्रवासात वळशाचा वाटा लहान असतो. सुएझ कालव्याने सर्वाधिक लाभ आपल्या पश्चिम किनाऱ्याला दिला, म्हणून तो बंद होण्याचा फटकाही त्यालाच मोठा बसतो. १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे कालवा बंद होता तेव्हा हा अनुभव आलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पळवून नेलेले ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज भारताकडेच येत होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा.

नाशिकच्या द्राक्षांना २०२४ च्या हंगामात याची झळ लागली. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमचा सुमारे तीन आठवड्यांचा प्रवास महिन्याच्या पुढे गेला, आणि द्राक्ष काही पितळ नव्हे. तरीही तो माल गेला आणि विकला गेला. त्यामागे एक चांगला कागद आहे. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून नेदरलँड्समध्ये आपली द्राक्षे अडचणीत आली, त्यानंतर अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था उभारली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर अशी साखळी तिच्यात जोडलेली आहे. पेटी परदेशात उघडली तरी ती कोणत्या बागेची हे सांगता येते. हा कागद शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. कागदपत्रे म्हणजे निव्वळ जाच, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अभ्यासावे.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज विळिंजमहून कोचीकडे जाताना केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. १३ मध्ये धोकादायक माल आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड असल्याचे सांगण्यात आले. तिरुवनंतपुरमपर्यंतच्या वाळूत प्लास्टिकचे बारीक दाणे पसरले, मच्छीमारांना बुडालेल्या जहाजाच्या परिसरात जाण्यास मज्जाव झाला. कंटेनरांत नेमके काय आहे हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाने विचारला, आणि त्याचे उत्तर मालसूचीच्या कागदावर होते, जो त्याच्या हाती नव्हता. हे प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. कागद कमी करण्याच्या उत्साहात मालाच्या वर्णनाचा तपशील आपण पातळ होऊ देता कामा नये. अनिवार्य कागद तीन असोत. त्यांतला मजकूर खरा असला पाहिजे आणि बंदराच्या राज्याला तो तत्काळ दिसला पाहिजे.

विळिंजमचा विषय निघालाच आहे. भारताच्या ज्या मालाला वाटेत जहाज बदलावे लागते, त्यातील सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांत, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर आणि पोर्ट क्लांग येथे हाताळला जात आला आहे. तिरुपूरचे बनियन आणि टी-शर्ट तुतिकोरीनहून लहान जहाजाने कोलंबोला जातात आणि तेथून मोठ्या जहाजावर चढतात, हा नेहमीचा क्रम. २०११ मध्ये कोचीच्या वल्लारपाडम टर्मिनलकडून हे चित्र बदलण्याची अपेक्षा होती. सतत गाळ काढावा लागणारी वाट आणि चढे खर्च यांमुळे ती फळाला आली नाही. २ मे २०२५ रोजी राष्ट्रार्पण झालेले विळिंजम निसर्गतःच खोल आहे आणि आंतरराष्ट्रीय जलमार्गापासून अवघ्या दहा सागरी मैलांवर आहे. तेथे जगातील अतिविशाल कंटेनर जहाजे येऊ लागली, हे निर्विवाद यश आहे. पण तिरुपूरच्या माणसाने विचारावयाचा प्रश्न साधा आहे: माझा कंटेनर तेथून जाईल काय? जहाज कंपनी आणि खरेदीदाराचा फॉरवर्डर कोलंबोचीच वाट निवडणार असतील, तर बंदर देशाचे असूनही वाट परकीच राहते.

परक्या वाटेवर विसंबणे म्हणजे काय, हे आपण नुकतेच शेजाऱ्याला दाखवून दिले आहे. बांगलादेशाच्या निर्यातीच्या मालाला भारतीय विमानतळ व बंदरांतून तिसऱ्या देशांत जाण्याची सवलत जून २०२० मध्ये एका परिपत्रकाने दिली होती. ८ एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या परिपत्रकाने ती काढून घेतली गेली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी येथे शिरत नाही; आपल्या वस्त्रोद्योगाची त्यासंबंधीची मागणीही होती. ढाक्याच्या निर्यातदाराची वाट मात्र दिल्लीतल्या एका पानाने बंद झाली, आणि कोलंबोत किंवा अन्यत्र कोणी असे पान कधीच लिहिणार नाही, याची हमी आपल्याला कोणी दिलेली नाही.

नव्या मार्गिकांच्या घोषणा आपण उत्साहाने करतो. उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गिकेचा करार सप्टेंबर २००० मधला. भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिका सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जाहीर झाली आणि महिनाभरात त्या प्रदेशात युद्ध पेटले. नकाशावर रेघ ओढली की वाट होत नाही. त्या वाटेवर चालणारी एकसंध माल-पावती, तिच्यावर पैसे देणारी बँक आणि तिचा विमा उतरवणारी कंपनी असावी लागते. इराणमार्गे जाणाऱ्या मालाचे घोडे बहुतेक वेळा येथेच अडते. रूळ आणि धक्के नंतर आठवतात.

२०२५ च्या कायद्याची अंमलबजावणी करण्यासाठी निर्देश काढण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कायद्याने दिला आहे. इलेक्ट्रॉनिक पावतीला मान्यता देण्यासाठी तेवढा पुरेसा आहे की दुरुस्ती आणावी लागेल, याचा निर्णय नौवहन मंत्रालयाने विधी खात्याच्या सल्ल्याने करावा. दुरुस्ती लागलीच तर ती एका कलमाची आहे. त्यासोबत, खरेदीदाराने नेमलेल्या फॉरवर्डरने मूळ कागदाविना माल सोडल्यास त्याच्या येथील प्रतिनिधीला जबाबदार धरण्याची तरतूद १९९३ च्या कायद्यात करावी लागेल. अंतर्देशीय डेपो आणि बंदर यांच्या नोंदी आपोआप जुळवण्याचे काम सीमाशुल्क मंडळाचे आहे. या तिन्हींसाठी कोणतीही कोनशिला बसवावी लागणार नाही. हीच कदाचित त्यांच्या मार्गातली खरी अडचण असेल. जहाजबांधणीच्या योजनेतून पहिली मोठी जहाजे पाण्यात उतरायला वर्षे लागतील. मुरादाबादचा पुढचा कंटेनर या आठवड्यात डेपोत जाईल, एफओबीच्या अटीवर आणि दुसऱ्याने निवडलेल्या जहाजासाठी.